स्कॉट्स पाइनचं जंगल: कुऱ्हाड कुठे, कुंपण कुठे

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पाइनची अशी जुनी जंगलं आहेत, जिथे बहुतेक झाडं दीडशे-दोनशे वर्षांची आहेत. जाडजूड बुंधे, वरच्या फांद्यांवर नारिंगी साल, खाली गुडघाभर हेदरची झुडपं. पर्यटक मान वर करून फोटो काढतात. जंगलाचा अभ्यास करणारा माणूस मात्र तिथे खाली वाकतो, हेदर हाताने बाजूला सारतो आणि पाइनची रोपं शोधतो. रोपं सापडतात, पण बोटभर उंचीची आणि शेंडा खुडलेली. नीट वय मोजलं तर त्यातलं एखादं दहा-बारा वर्षांचं निघतं. दर हिवाळ्यात हरणं शेंडा खातात, रोप बाजूने पुन्हा फुटतं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खाल्लं जातं. वरची झाडं उभी आहेत म्हणून जंगल आहे असं म्हणायचं, पण त्यांच्यामागे पिढीच नाही.

आपल्याकडे हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी एका दमात सांगितली, त्यामुळे आपल्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसल्या आहेत. तिथल्या उघड्या बोडक्या डोंगरांना ते लागूही होतं. स्कॉट्स पाइनच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. चराई आवरली नाही तर हे जंगल हळूहळू संपतं. कुऱ्हाड मात्र योग्य वेळी, योग्य झाडावर चालली तर जंगल सुधारतं. असं का, हे कळायला आधी हे झाड वाढतं कसं ते बघावं लागेल.

शास्त्रीय नाव पायनस सिल्वेस्ट्रिस. नावात स्कॉटलंड असलं तरी हा मूळचा फक्त तिथला नाही. जगात पाइनच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यांत सगळ्यात दूरवर पसरलेली जात हीच. स्पेनच्या डोंगरांपासून थेट पूर्व सैबेरियापर्यंत, तुर्कस्तानापासून नॉर्वेत ध्रुववृत्ताच्याही पलीकडे. उत्तराखंड-हिमाचलात आपण बघतो तो चीड वेगळा. चीडच्या सुया तिनाच्या झुबक्यात येतात, स्कॉट्स पाइनच्या जोडीने. निळसर हिरव्या, किंचित पिळलेल्या, साधारण बोटाच्या लांबीच्या दोन सुया एकाच आवरणातून निघालेल्या दिसल्या आणि झाडाचा वरचा भाग नारिंगी असला, की ओळख पटली.

या झाडाचं वाढीचं वेळापत्रक फार शिस्तीचं आहे. मे महिन्यात शेंड्याची कळी फुटते, जुलैच्या आसपास त्या वर्षाची उंची वाढून संपते आणि लगेच पुढच्या वर्षाची कळी तयार व्हायला लागते. शेंड्याच्या मुख्य कळीभोवती चार-पाच उपकळ्या असतात, त्यांतून फांद्यांचं एक कडं निघतं. वर्षाला एक कडं. त्यामुळे तरुण झाडाचं वय मोजायला ते तोडावं लागत नाही, खालून वर कडी मोजली की झालं. दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षाची उंचीची वाढ. पण यात एक गंमत आहे. पुढच्या वर्षी कोंबावर किती सुया येणार हे आदल्या उन्हाळ्यात कळी बनतानाच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून यंदा झाड किती उंच झालं हे मुख्यतः गेल्या वर्षीचं हवामान सांगतं, आणि खोडाची जाडी, म्हणजे वाढीचं वलय, प्रामुख्याने यंदाचं. दुष्काळ पडला तर वलय त्याच वर्षी बारीक होतं, पण शेंडा एक वर्ष उशिरा आखडतो. जंगलात जाऊन ‘यंदा तर मस्त वाढलंय’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

उत्तरेच्या टोकाला, जिथे उन्हाळाच तोकडा असतो, तिथे वलयाची रुंदी जुलैच्या तापमानाशी इतकी जुळते की तिच्यावरून जुनं हवामान वाचता येतं. फिनलंडच्या लॅपलंडमध्ये तळ्यांच्या गाळात गाडली गेलेली पाइनची खोडं बाहेर काढून, वलयाला वलय जुळवत शास्त्रज्ञ साडेसात हजार वर्षांहून मागे पोचले आहेत. जिवंत झाडंही काही कमी नाहीत. त्याच भागात ७०० वर्षं ओलांडलेली स्कॉट्स पाइनची झाडं आहेत.

बियांच्या बाबतीतही घाई नाही. वसंताच्या शेवटी वाऱ्यावर पराग उडतात, पण प्रत्यक्ष फलन व्हायला पुढे जवळजवळ एक वर्ष जातं. शंकू दुसऱ्या शरद ऋतूत पिकतो आणि त्याच्या पुढच्या वसंतात, ऊन लागून खवले उघडले, की पंख असलेलं बी गिरक्या घेत बाहेर पडतं. एका ग्रॅममध्ये दीडशे ते दोनशे बिया बसतात, इतकं ते हलकं. एवढ्याशा बीमध्ये अन्नसाठा तो किती असणार? ते जाड शेवाळावर किंवा पाचोळ्याच्या गादीवर पडलं तर मूळ जमिनीला पोचण्याआधीच रोप सुकतं. त्याला उघडी माती हवी आणि डोक्यावर भरपूर उजेड हवा. बीच किंवा स्प्रूस या तिकडच्याच दुसऱ्या झाडांचं रोप मोठ्या झाडाच्या सावलीत वर्षानुवर्षं तग धरून राहतं. स्कॉट्स पाइनला ते जमत नाही.

मग माणूस नव्हता तेव्हा उघडी माती आणि उजेड कोण देत होतं? मुख्यतः वणवा. स्कॉट्स पाइनच्या बुंध्याची साल जाड, खवल्याखवल्यांची असते आणि हिरव्या फांद्या उंचावर. जमिनीलगत सरकणारी आग खालचं शेवाळ, झुडपं, पाचोळा जाळून जाते, मोठी झाडं बुंध्यावर एखादा व्रण घेऊन उभी राहतात आणि मोकळ्या झालेल्या मातीत त्यांचंच बी पडतं. वादळात मुळासकट झाड उन्मळलं की खड्ड्यातली माती उघडी पडते, तिथेही हेच घडतं. म्हणजे पडझड ही या जंगलाची गरज आहे. पूर्ण शांत, पूर्ण सुरक्षित ठेवलेलं पाइनचं जंगल चांगल्या जमिनीवर हळूहळू स्प्रूसच्या ताब्यात जातं, कारण स्प्रूस सावलीत वाट बघत बसलेला असतो. पाइनची खरी हुकमत उरते ती वाळू, खडक आणि दलदल अशा निकस जागी, जिथे दुसऱ्या कुणाचा निभाव लागत नाही. तिथेही त्याचं एकट्याचं काही चालत नाही. मुळांना बिलगून राहणाऱ्या बुरशा पाणी आणि क्षार आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. नुसत्या वाळूत हिरवंगार पाइन दिसतं त्यामागे ही देवघेव आहे.

आता पुन्हा स्कॉटलंड. तिथल्या मूळ पाइनच्या जंगलाला कॅलेडोनियन जंगल म्हणतात. हिमयुग सरल्यावर हे झाड तिथे पोचलं आणि पसरलं. पुढे हवामान ओलं होत गेलं, दलदली वाढल्या, शेती आणि गुरं आली, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड जोरात झाली. अॅबरनेथी आणि रॉथिमर्कस या तिथल्या जंगलांतले ओंडके स्पे नदीतून वाहवत समुद्राकडे नेले जायचे. पण लाकूडतोड्यांनी बी देणारी झाडं मागे ठेवली असती आणि पुढची शंभर वर्षं रोपांना सुखाने वाढू दिलं असतं, तर जंगल परत आलं असतं. ते होऊ शकलं नाही, कारण लांडगा आणि लिंक्स, म्हणजे मोठं रानमांजर, संपले होते आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात हरणांची शिकार हा श्रीमंतांचा छंद बनला. राणीच्या कुटुंबाने १८५२ मध्ये बाल्मोरलची इस्टेट घेतली आणि बघता बघता हायलँड्समध्ये शिकारीच्या इस्टेटींचं पेव फुटलं. शिकारीला हरणं हवीत म्हणून हरणं राखली, हिवाळ्यात त्यांना चारा घातला. लाल हरीण हे आपल्या सांबराचं नातलग. अशी मोठी खादाड जनावरं हिवाळ्यात जंगलाच्या आडोशाला उतरतात आणि बर्फाबाहेर डोकावणारं प्रत्येक हिरवं रोप संपवतात.

पहिला उपाय सुचला तो कुंपणाचा. दोन मीटर उंच जाळी मारा, हरीण बाहेर, रोप आत. उपाय चालला, आत पाइनची दाटी झाली. पण त्याच जंगलात कॅपरकॅली राहतो. कोंबड्याच्या कुळातला, टर्कीएवढा, अवजड उडणारा पक्षी. धुक्यात किंवा पहाटेच्या अंधारात तो सरळ जाळीवर आदळून मरायचा. स्कॉटलंडमध्ये हा पक्षी एकदा, १७८५ च्या सुमारास, पूर्ण नाहीसा झाला होता. १८३७ मध्ये स्वीडनहून आणून पुन्हा सोडला. २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या गणनेत त्यांची संख्या ५४० च्या आसपास निघाली. इतक्या थोड्या पक्ष्यांच्या वाटेत जाळी उभी करणं परवडणारं नव्हतं.

पक्षी संरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने १९८८ मध्ये अॅबरनेथीचा मोठा भाग विकत घेतला तेव्हा तिने वेगळी वाट धरली. कुंपणं काढली आणि हरणांची संख्या बंदुकीने खाली आणली. ग्लेन फेशी या दरीत २००४ पासून हेच झालं, तेही फार थोड्या काळात, आणि गदारोळ उठला. शिकारीच्या इस्टेटींवर पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या माणसांना ही आपल्या रोजगारावरची आणि जनावरांवरची क्रूर चाल वाटली. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. ज्याने आयुष्यभर ती हरणं हिवाळ्यात जगवली, त्याला शेकडो हरणं काही आठवड्यांत मारलेली बघवणार नाहीत. पण आज ग्लेन फेशीत नदीकाठच्या गोट्यांमधून, जुन्या झाडांच्या अवतीभवती, कुठलंही कुंपण नसताना पाइनची रोपं डोक्याच्या वर गेलेली दिसतात. ती कुणी लावलेली नाहीत, आपली आपण आलेली आहेत. बी होतंच, माती होतीच, फक्त खाणारी तोंडं कमी झाली. कामाचा ठोकताळा असा सांगतात की चौरस किलोमीटरला पाचच्या आत हरणं असतील तर पाइन आपलं आपण येतं.

कुऱ्हाडीचा उपयोगही स्कॉटलंडनेच दाखवला. विसाव्या शतकात सरकारी वनखात्याने लाकूड लवकर मिळावं म्हणून जुन्या पाइनच्या मधोमध अमेरिकेतून आणलेले सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. ते भराभर वाढले आणि म्हाताऱ्या पाइनच्या डोक्यावर सावली धरून त्यांना मारू लागले. ग्लेन अॅफ्रिक किंवा लॉख आर्केगसारख्या ठिकाणी आता जंगल वाचवायचं काम म्हणजे चक्क जंगलतोड: हे पाहुणे स्प्रूस काढायचे आणि पाइनला पुन्हा ऊन मिळवून द्यायचं.

फिनलंड आणि स्वीडनमध्ये चित्र उलटं आहे. फिनलंडचा तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे आणि त्या जंगलातल्या लाकडाच्या साठ्यात जवळपास निम्मं स्कॉट्स पाइन. जंगलाचा मोठा हिस्सा साध्या कुटुंबांच्या मालकीचा आहे. आपल्याकडे कोणाची पाच एकर शेती असते तसं तिकडे कोणाचं आजोबांकडून आलेलं जंगल असतं. तिथे प्रश्न ‘झाडं वाचतील का’ हा नसतो, ‘कुठली ठेवायची आणि कुठली काढायची’ हा असतो.

जमिनीची कुवत किती, हे आधी ठरवावं लागतं. यासाठी खोडाची जाडी कामाची नाही, कारण जाडी दाटीवर अवलंबून असते. झाडं दाट असली तर बारीक, विरळ असली तर जाड. उंचीवर दाटीचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून स्वीडनमध्ये जमिनीचा दर्जा असा सांगतात: या जागी शंभर वर्षांत सर्वांत मोठी पाइन किती मीटर होतील? ‘टी २४’ म्हणजे २४ मीटर. फिनलंडमध्ये ए. के. कायांदर यांनी १९०९ मध्ये याहून साधी युक्ती मांडली. झाडाकडे बघूच नका, त्याच्या पायाखाली काय उगवलंय ते बघा. रेनडिअर खातात ती पांढुरकी दगडफुलं पसरली असतील तर जमीन अगदी निकस. हेदर असेल तर जरा बरी. लिंगनबेरीची झुडपं असतील तर त्याहून बरी. बिलबेरी दिसली तर इतकी चांगली की तिथे स्प्रूसही हक्क सांगेल. शंभर वर्षं उलटली तरी फिनलंडचे वनअधिकारी आजही याच भाषेत बोलतात.

मग येते विरळणी. हेक्टरी साधारण दोन हजार रोपं लावतात, बी फेकून किंवा आपोआप आली तर याहून कितीतरी जास्त असतात. ज्वारीची विरळणी करताना शेतकऱ्याचा हात जसा चांगली वाढलेली रोपंही उपटतो, कारण सगळी ठेवली तर कणीस कुणालाच धड येणार नाही, तेच इथे, फक्त वीस-तीस वर्षांच्या अंतराने. झाडं १२ ते १५ मीटर झाली की पहिली मोठी विरळणी होते आणि हेक्टरी नऊशे-हजार झाडं ठेवतात. यात वेळ साधणं महत्त्वाचं. पाइनच्या खालच्या फांद्या सावलीत मरत जातात आणि हिरवा भाग वर वर सरकतो. तो झाडाच्या उंचीच्या ४० टक्क्यांखाली गेला तर झाड अन्न बनवायलाच कमी पडतं, मग नंतर कितीही जागा दिली तरी ते लवकर सावरत नाही. उशीर झाला की झाडं काठीसारखी लांब आणि बारीक होतात, अचानक मोकळी केली तर बर्फाच्या भाराने वाकतात, वाऱ्याने मोडतात. उलट फार लवकर विरळ केलं तर खालच्या फांद्या जाड होतात आणि लाकडात मोठ्या गाठी पडतात, फळीचा भाव उतरतो. म्हणून लहानपणी दाटी, मग वेळेवर मोकळीक. शेवटची तोड दक्षिणेत ७० ते १०० वर्षांनी, लॅपलंडमध्ये त्याहून बरीच उशिरा.

शेवटच्या तोडीत सगळंच साफ करायचं की नाही, यावर तिकडे जोरदार वाद आहे. पाइनसाठी जुनी पद्धत आहे: हेक्टरी पन्नास-शंभर उत्तम झाडं बीजवृक्ष म्हणून उभी ठेवायची, यंत्राने शेवाळ खरवडून माती उघडी करायची आणि निसर्गाला काम करू द्यायचं. वणव्याची जागा इथे यंत्राने घेतली. फिनलंडने २०१४ मध्ये वनकायदा बदलून, एकाच वेळी सगळं न तोडता वेगवेगळ्या वयाची झाडं कायम राखण्याची मोकळीक दिली. स्प्रूसला ती पद्धत सहज मानवते. पाइनला उजेडाची भूक असल्याने मधे मधे झाडं काढून मोकळ्या जागा कराव्या लागतात, नाहीतर खाली रोपच येत नाही.

तिथेही तोंडं आहेतच. स्वीडनमधली मूस, म्हणजे घोड्याहून उंच असं हरीण, हिवाळ्यात तरुण पाइनच्या शेंड्यांवर जगते. शेंडा गेला की झाड वाकडं होतं, दुभंगतं, फळीच्या कामाचं राहत नाही. वैतागून अनेक मालकांनी पाइनच्या जमिनीवर स्प्रूस लावला, कारण मूस त्याला फारसं तोंड लावत नाही. पण कोरड्या वाळूत उभा केलेला स्प्रूस दुष्काळात दमतो आणि दमलेल्या स्प्रूसवर सालीखालचे भुंगेरे तुटून पडतात. हरणापासून वाचायला गेलो आणि किड्याच्या तोंडी पडलो, असा हा प्रकार.

तोडीमुळे होणाऱ्या रोगाची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण यात कुऱ्हाडीची दुसरी बाजू आहे. इंग्लंडच्या पूर्वेला थेटफर्ड इथे १९२२ पासून वाळवंटासारख्या माळावर पाइनची प्रचंड लागवड झाली. विरळणी सुरू झाल्यावर उरलेली झाडं गोलाकार टापूंत मरू लागली. केंब्रिजचे वनस्पतीतज्ज्ञ जॉन रिशबेथ यांनी कोडं सोडवलं. ताज्या कापलेल्या बुंध्याचा ओला पांढरा काप म्हणजे हेटेरोबॅसिडियन या बुरशीला उघडं दार. हवेतले तिचे बीजाणू त्यावर पडतात, बुरशी बुंध्यातून मुळात उतरते आणि जमिनीखाली जिथे जिथे एका झाडाचं मूळ दुसऱ्याला टेकलेलं असतं तिथून शेजाऱ्यात शिरते. रिशबेथ यांनी उपायही बुरशीचाच काढला. फ्लेबिऑप्सिस ही निरुपद्रवी बुरशी मेलेल्या लाकडावर जगते, जिवंत झाडाला त्रास देत नाही. कापल्याबरोबर हिचे बीजाणू लावले तर ती आधी जागा अडवते आणि दुसरीला शिरकाव मिळत नाही. आज हार्वेस्टर यंत्र झाड कापतानाच करवतीच्या पट्टीतून हे द्रावण फवारतं. त्यात रंग मिसळलेला असतो, म्हणजे कापलेल्या बुंध्यावर कुठे लागलं, कुठे सुटलं हे चालकाला केबिनमधून दिसावं. कडाक्याच्या थंडीत बीजाणू उडत नाहीत, त्यामुळे तेव्हा फवारणी लागत नाही.

ताज्या बुंध्यांच्या वासाने आणखी एक पाहुणा येतो, पाइनचा सोंडकिडा. तो बुंध्यांच्या मुळांत अंडी घालतो आणि शेजारी नव्याने लावलेल्या रोपांची साल गोल कुरतडून त्यांना मारतो. स्वीडनमधल्या रोपवाटिका आता कीटकनाशकाऐवजी रोपाच्या खोडावर गोंद आणि बारीक वाळूचा लेप देतात. किड्याचे दात वाळूवर चालत नाहीत. शिवाय उघड्या मातीवरून चालायचं हा किडा टाळतो, म्हणून खरवडलेल्या जागेच्या मधोमध लावलेलं रोप जास्त सुरक्षित. कापलेलं पाइनचं लाकूड उन्हाळ्यापर्यंत जंगलात पडू दिलं तर त्यात कोंब पोखरणारे भुंगेरे वाढतात, म्हणून फिनलंडमध्ये ते ठरावीक तारखेच्या आत उचलण्याचा कायदा आहे.

झाड आजारी आहे की नाही हे बघायचं तर सुया बघाव्यात, पण योग्य सुया. पाइन सदाहरित असलं तरी प्रत्येक सुई दोन-चार वर्षांचीच सोबती असते, थंड उत्तरेत त्याहून जास्त. शरद ऋतूत फांदीच्या आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, त्यात काळजीचं काही नाही. टोकाकडच्या नव्या सुया तपकिरी झाल्या तर ती गोष्ट वेगळी. सुईवर आडवे लालसर पट्टे दिसले तर डोथिस्ट्रोमा नावाची बुरशी. ओलसर, कोंदट, दाट जंगलात ती फोफावते, आणि तिच्यावरचा एक उपाय पुन्हा विरळणीच: वारा खेळता ठेवा.

दुष्काळाची परीक्षा स्वित्झर्लंडमध्ये फार नीट झाली. व्हाले प्रांतात ऱ्होन नदीच्या खोऱ्यात फिनवाल्ड नावाचं पाइनचं जंगल आहे. पाऊस वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर. झाडं मरत होती आणि कारणाबद्दल मतभेद होते: किडे, बुरशी, की बांडगूळ? डब्ल्यूएसएल या वनसंशोधन संस्थेने २००३ पासून जंगलाच्या काही तुकड्यांना उन्हाळाभर रात्री कालव्याचं पाणी फवारून द्यायला सुरुवात केली. पाणी मिळालेल्या झाडांची वलयं रुंद झाली, सुया लांब झाल्या, मुकुट भरला. किडे आणि बांडगूळ तिथेही होतेच, पण मूळ दुखणं तहानेचं होतं. बांडगूळ ही तहान वाढवतं, कारण दुष्काळात पाइन आपली पानांची छिद्रं मिटून घेतं आणि बांडगूळ मात्र पाणी सोडतच राहतं. २०१३ नंतर काही तुकड्यांचं पाणी थांबवलं, तरी ती झाडं पुढची काही वर्षं बाकीच्यांपेक्षा बरी राहिली. या खोऱ्याच्या खालच्या उतारांवर मात्र पाइनची जागा आता ओक घेतो आहे आणि ते थांबवता येईल असं फारसं कुणाला वाटत नाही.

जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गमध्ये जंगलाचा सुमारे ७० टक्के भाग पाइन, बराचसा एका वयाचा, एका रांगेतला, वाळूवर उभा. बर्लिनच्या दक्षिणेला ट्रॉयेनब्रीत्झनच्या परिसरात २०१८ आणि २०२२ मध्ये मोठे वणवे लागले. तिथे आता पाइनच्या खाली ओक आणि बीच लावून जंगल मिश्र करायचं काम चालू आहे. आणि ती कोवळी ओकची रोपं कोण खातं? हरणं. फिरून तिथेच.

या सगळ्याचा एक धागा न्हावाशेवा आणि चाकणपर्यंत येतो. आयात मालाबरोबर आलेल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरं डागलेली असतात. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं दिलं आहे, असा त्याचा अर्थ. हा आंतरराष्ट्रीय नियम येण्यामागे पाइनच्या खोडात शिरणाऱ्या एका सूत्रकृमीची धास्ती मोठी आहे. मूळचा उत्तर अमेरिकेचा हा कृमी १९८४ मध्ये फिनलंडला आयात लाकडाच्या चिपांमध्ये सापडला, तेव्हा युरोप खडबडून जागा झाला. १९९९ मध्ये तो पोर्तुगालच्या जंगलात पोचलाच. लांब मिशांच्या भुंगेऱ्यावर बसून तो झाडाझाडांत जातो आणि उष्ण उन्हाळा असेल तर पाइन काही आठवड्यांत वाळवून टाकतो. स्कॉट्स पाइन त्याला बळी पडणाऱ्यांपैकी आहे. आजवर उत्तरेची थंडी आड येत होती, उन्हाळे तापत चालल्यावर ती किती दिवस आड येईल हा प्रश्न आहे.

म्हणून सध्या वनशास्त्रज्ञांमध्ये सगळ्यात जास्त वाद चालतो तो बियाण्यावर. फ्रान्समध्ये व्हिल्मोरँ या वनस्पतीतज्ज्ञांनी १८२० च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांतलं स्कॉट्स पाइनचं बी शेजारी शेजारी लावून दाखवलं की जात एकच असली तरी रीगाचं झाड सरळ वाढतं आणि दुसरीकडचं वाकडं. स्वीडनने एकेकाळी स्वस्त म्हणून जर्मनीचं बी आणलं आणि वेडीवाकडी झाडं पदरात पाडून घेतली. आता उलट सूर आहे: शंभर वर्षांनी हवा गरम असणार, तर थोडं दक्षिणेचं बी आतापासून लावावं का? स्वीडनमध्ये निवडक झाडांच्या बीजबागांतून येणारं बी लाकूडही जास्त देतं, साध्या बियाण्यापेक्षा दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत. स्कॉटलंडमधली बरीच मंडळी याला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, जुन्या झाडांखाली हेक्टरी हजारोंनी रोपं येऊ द्या. प्रत्येक वेगळं असेल, त्यातली शंभर-दोनशेच मोठी व्हायची आहेत, आणि निवड पुढची ऐंशी वर्षं हवाच करेल. फक्त हरणांवर रोखलेली बंदूक तोवर खाली ठेवता येणार नाही.